ढगाला एकाच जागी भोक पाडलं तर काय होतं: अतिथंड वायूतला लोकल लॉस समजून घ्यायची आणि लॅपटॉपवर मोजायची पद्धत

अतिथंड अणूंचा ढग आहे, ट्रॅपमध्ये निवांत बसलाय, आणि तुम्ही त्याच्या बरोबर मध्यावर एक बारीक बीम मारून तिथले अणू बाहेर फेकायला लागता. हाच लोकल लॉस, एकाच जागची गळती. बीमचा जोर वाढवला की अणू जास्त जाणार, एवढं तर शाळेतलं पोरही सांगेल. आणि सुरुवातीला होतंही तसंच. पण जोर अजून वाढवत नेला की एका टप्प्यानंतर अणू कमी जायला लागतात, आणि बीम जितका जास्त क्रूर तितका ढग जास्त दिवस टिकतो (दिवस म्हणजे आपले मिलिसेकंद). हे वाचून मान डोलावणं सोपं आहे, पण स्वतःच्या हाताने आकडे काढल्याशिवाय ते पटत नाही, निदान मला तरी नव्हतं पटलं. म्हणून हा लेख कागद-पेन आणि लॅपटॉप घेऊन बसायचा आहे. क्वांटम मेकॅनिक्सचा पहिला कोर्स झालेला असला आणि मॅट्रिक्सचं एक्स्पोनेन्शियल काढता येईल असं काहीतरी सॉफ्टवेअर असलं की पुरे.

पायरी १: आधी मोजपट्टी ठरवा

"लोकल" म्हणजे किती लोकल? हे कशाच्या तुलनेत ते आधी बघायचं, नाहीतर पुढचं सगळं हवेत. रुबिडियम ८७ चं कंडेन्सेट घेऊ (म्हणजे इतका थंड ढग की जवळपास सगळे अणू एकाच क्वांटम स्थितीत असतात), हाच अणू वापरून १९९५ मध्ये कॉर्नेल आणि वीमन यांनी पहिलं कंडेन्सेट बनवलं होतं, तापमान साधारण १७० नॅनोकेल्विन. आपण घनता धरू घन सेंटीमीटरला १ वर १४ शून्य इतके अणू, जी अशा प्रयोगांत अगदी नेहमीची. स्कॅटरिंग लेंग्थ, म्हणजे अणू एकमेकांना किती जोरात ढकलतात त्याचं माप, साधारण ५.३ नॅनोमीटर. यावरून दोन आकडे निघतात. एक हीलिंग लेंग्थ, म्हणजे ढगाला पडलेला खड्डा किती अंतरात भरून यायला बघतो ती लांबी, ती येते साधारण ०.२७ मायक्रोमीटर. दुसरा ध्वनीचा वेग, तो येतो सेकंदाला १.९ मिलिमीटर. हो, मिलिमीटर, मुंगीपण याच्यापेक्षा जोरात पळते.

या दोन आकड्यांत बरंच काही आहे. भोक ०.२७ मायक्रोमीटरपेक्षा बारीक असेल तर ढगाला ते टोचल्यासारखं, एका बिंदूवर असल्यासारखं वाटतं. आणि भोक पडलं ही "बातमी" १० मिलिसेकंदात फक्त १९ मायक्रोमीटर लांब पोचते, त्यापलीकडच्या अणूंना काही झालंय याचा पत्ताच नसतो. म्हणजे तुमचा ढग १०० मायक्रोमीटर लांब असला तर पहिले पंचवीसेक मिलिसेकंद तो तुमच्यासाठी अनंत लांबच आहे. हे लक्षात ठेवा, सिम्युलेशन करताना माझी इथेच दांडी गुल झाली होती, खाली सांगतो.

ढगातून अणू तसेही जातच असतात हेही विसरू नका. तीन अणू एकत्र धडकून दोघांचा रेणू होतो आणि तिघेही उडून जातात, ते या घनतेला साधारण १७ सेकंदांच्या आयुष्याएवढं असतं. शिवाय व्हॅक्यूममधला उरलासुरला वायू धडका देतो तो वेगळा. आपला लोकल लॉस मिलिसेकंदांच्या गोष्टी करत असेल तर हे दोन्ही बाजूला ठेवता येतात, पण आधी बीम बंद ठेवून आयुष्य मोजायचं आणि मगच बीम चालू करायचा.

पायरी २: भोक पाडायचं कशाने

दोन हत्यारं मुख्य. पहिलं इलेक्ट्रॉन बीम. जर्मनीत आधी माइन्झ आणि नंतर कायझर्सलाउटर्न इथे हर्विग ओट यांच्या गटाने चक्क इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा बीम कंडेन्सेटवर सोडला, ६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा, ठिपका १०० ते १५० नॅनोमीटरचा, आणि २००८ मध्ये ६०० नॅनोमीटर अंतरावरच्या लॅटिस साइट्स (प्रकाशाच्या जाळीतले खड्डे, ज्यांत अणू बसतात) वेगवेगळ्या दाखवल्या. यात मजा अशी की काही अणूंचं आयन होतं आणि ते डिटेक्टरवर मोजता येतात, म्हणजे भोक पाडता पाडता हिशोबही आयता मिळतो. दुसरं हत्यार म्हणजे अणूच्या रेझोनन्सजवळचा फोकस केलेला लेझर. रुबिडियमला ७८० नॅनोमीटर, लिथियमला ६७१. रुबिडियमला एका फोटॉनचा धक्का सेकंदाला साधारण ५.९ मिलिमीटर, वर काढलेल्या ध्वनीच्या वेगाच्या तिप्पट, म्हणजे उथळ ट्रॅप असेल तर मोजक्या फोटॉनमध्ये गडी बाहेर. लेझर स्वस्त आणि सोयीचा, स्पिन निवडूनही मारता येतो, पण ठिपका इलेक्ट्रॉनइतका बारीक होत नाही. त्याची किंमत काय मोजावी लागते ते शेवटच्या पायरीत, आणि ती किंमत चांगलीच आहे.

पायरी ३: दोन खड्ड्यांचं गणित, यातच सगळं आहे

बाकी काही केलं नाही तरी चालेल पण एवढं कागदावर कराच. दोन साइट्स, डावी आणि उजवी, मधून टनेलिंग जे. अणू डावीकडे आहे, आणि उजवीकडे लॉस आहे, रेट गॅमा, म्हणजे उजवीकडे बसलेला अणू सेकंदाला गॅमा या दराने गायब होतो. हॅमिल्टोनियनमध्ये उजव्या साइटच्या ऊर्जेत एक काल्पनिक संख्या घालायची, उणे आय गुणिले गॅमा भागिले २. भागिले २ का, तर अँप्लिट्यूड निम्म्या दराने कमी झाला की त्याचा वर्ग, म्हणजे संभाव्यता, पूर्ण गॅमाने कमी होते. हा २ काही पेपर्समध्ये वेगळ्या जागी असतो, आणि दोन पेपर्सचे आलेख एकमेकांवर ठेवताना शिखर दुप्पट लांब दिसलं की पहिला संशय याच २ वर घ्यायचा.

दोन बाय दोनची मॅट्रिक्स आहे, आयगेनव्हॅल्यू लगेच निघतात. वर्गमुळात जे वर्ग वजा गॅमा वर्ग भागिले १६ असं येतं. म्हणजे गॅमा बरोबर ४ जे झाला की वर्गमूळ शून्य, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या दुनिया.

आकडे घालू, प्लांकचा स्थिरांक १ धरून. जे सेकंदाला १००. गॅमा १० असेल तर अणू डावी-उजवी झोके घेत राहतो, अर्धा वेळ धोक्याच्या जागी असतो, म्हणून सरासरी रेट गॅमाचा निम्मा, ५. गॅमा ४०० केला, बरोबर ४ जे, झोके थांबले, रेट २०० च्या आसपास, याहून जोरात अणू काढताच येत नाही. आता गॅमा ४,०००. साधा माणूस म्हणेल रेट २,००० होईल. येतो १०! आणि गॅमा ४०,००० केला की रेट १. मोठ्या गॅमाला सूत्र असं: ४ गुणिले जे वर्ग भागिले गॅमा. गॅमा छेदात गेला बघा.

का? आपल्याकडे म्हणतात ना, आडात नाही तर पोहोऱ्यात कुठून येणार. लॉस ही पोहऱ्यासारखी गोष्ट आहे, साइटवर जेवढे अणू आहेत तेवढ्यातूनच काढणार. प्रत्यक्ष जाणारे अणू म्हणजे गॅमा गुणिले त्या साइटवरची घनता. तुम्ही गॅमा वाढवला, पण घनता गॅमाच्या वर्गाच्या पटीने आटली, गुणाकार कमी झाला. आता आड का आटला? कारण टनेलिंग म्हणजे अणू डावीकडून "उडी मारून" उजवीकडे जात नाही, उजवीकडचा अँप्लिट्यूड हळूहळू साचत जातो, आणि संभाव्यता वेळेच्या वर्गाने वाढते. सुरुवातीला ती फारच कमी असते. साचायला लागलेलं तुम्ही दर क्षणाला पुसून टाकलं तर साचणं परत शून्यापासून. सतत पुसत राहिलात तर कधी साचतच नाही. ही क्वांटम झेनोची गोष्ट, नाव १९७७ मध्ये मिश्रा आणि सुदर्शन यांनी रूढ केलं, ग्रीक झेनोच्या बाणावरून. (बैद्यनाथ मिश्रा आणि ई. सी. जी. सुदर्शन, दोघेही मूळचे आपल्याच देशातले.) १९९० मध्ये वाइनलँड यांच्या गटाने बेरिलियम आयनांवर असा परिणाम दाखवला, पण तिथे अणू गायब होत नव्हते, नुसते वारंवार बघितले जात होते. लॉस हा एका अर्थाने बघणंच आहे: आत्ता इथे अणू सापडला का, नाही, आत्ता, नाही, आत्ता.

पायरी ४: लांब साखळी, आणि ५० टक्क्यांचं कोडं

आता दोन नाही तर दोन्हीकडे अनंत साइट्स, मध्ये एकच साइट गळकी. डावीकडून एक लाट येते, वेग व्ही. गळक्या साइटवर तिचं काय होतं? तीन गोष्टी होऊ शकतात, आरपार जाईल, परत फिरेल, किंवा नाहीशी होईल. साधं स्कॅटरिंगचं गणित आहे, अर्ध्या पानात होतं. क्ष म्हणजे गॅमा भागिले २ व्ही असं धरा. आरपार जाणारा अँप्लिट्यूड येतो १ भागिले (१ अधिक क्ष), परत फिरणारा येतो उणे क्ष भागिले (१ अधिक क्ष), आणि नाहीसा होणारा हिस्सा २ क्ष भागिले (१ अधिक क्ष) चा वर्ग.

क्ष ०.१ असताना ८२.६ टक्के आरपार, ०.८ टक्के परत, १६.५ टक्के गेले. क्ष १० असताना आरपार फक्त ०.८ टक्के, ८२.६ टक्के परत, आणि गेले तेच १६.५ टक्के! म्हणजे शंभरपट वेगळे दोन गॅमा, लॉस तंतोतंत तोच. फक्त एकात साइट जवळपास पारदर्शक आहे आणि दुसऱ्यात आरसा झालीये. लोकांच्या डोक्यात हे बसत नाही की शोषणारी वस्तू आरसा कशी होईल, पण काल्पनिक का असेना, तो ऊर्जेतला अचानक बदल आहे, आणि लाट अचानक बदलावरून परत फिरते, तिला बदल खरा आहे की काल्पनिक याच्याशी देणंघेणं नाही. म्हणूनच लॉस मोजला आणि थांबलं तर अर्धीच माहिती मिळते, आरपार किती गेले हेही मोजायला हवं.

क्ष १ ला लॉस सर्वात जास्त: ५० टक्के, आणि २५ आरपार, २५ परत. मला बरेच दिवस हे छळत होतं की ५०च का, एवढा सगळा आटापिटा करून अर्धेच अणू? उत्तर सुंदर आहे. डावीकडून येणारी लाट ही दोन लाटांची बेरीज म्हणून लिहा, एक दोन्हीकडून समान येणारी, दुसरी दोन्हीकडून पण उलट चिन्हाने येणारी. उलट चिन्हाच्या लाटेचा मध्यावर कायम शून्य असतो, गळक्या साइटवर तिचा पायच पडत नाही, तिला लॉस दिसतच नाही, गॅमा कितीही करा. समान लाट मात्र क्ष १ ला शंभर टक्के गिळली जाते, कारण आरपारचा अर्धा आणि परतीचा उणे अर्धा मिळून शून्य. शंभर आणि शून्य, सरासरी पन्नास. बस.

आणि हे नुसतं कागदावर नाही. ओट यांच्याच गटाने २०१८ मध्ये कंडेन्सेटांच्या साखळीत हे करून दाखवलं, दोन्ही बाजूंनी येणाऱ्या पदार्थलाटा मधल्या गळक्या साइटवर पूर्ण गिळल्या जातात, तेही अणू एकमेकांशी आंतरक्रिया करत असताना.

पायरी ५: लॅपटॉपवर चालवा

आंतरक्रिया नसलेले फर्मिऑन घ्या. याचं भाग्य असं की लिंडब्लॅड समीकरण (लॉससकट पूर्ण क्वांटम स्थिती कशी बदलते ते सांगणारं) पूर्ण सोडवायची गरज नाही, दोन साइट्समधला सहसंबंध ठेवणारी एक मॅट्रिक्स पुरते, आकार साइट्स बाय साइट्स. २०१ साइट्स असल्या तर २०१ बाय २०१, आजचा कुठलाही लॅपटॉप हसत करेल.

कृती अशी. हॉपिंगची मॅट्रिक्स बनवा, कर्णाच्या शेजारी उणे जे, बाकी शून्य. जे १ धरा. तिचे आयगेनव्हेक्टर काढा, खालचे १०० भरा, त्यांच्यापासून सुरुवातीची सहसंबंध मॅट्रिक्स बनवा, म्हणजे प्रत्येक साइटवर साधारण अर्धा अणू. मग दुसरी मॅट्रिक्स, फक्त १०१ व्या साइटच्या कर्णावर गॅमा, बाकी सगळीकडे शून्य. आता आय गुणिले हॉपिंग वजा अर्धा गॅमा मॅट्रिक्स, याला वेळेने गुणून एक्स्पोनेन्शियल काढा. ती मॅट्रिक्स डावीकडून, तिची कॉन्ज्युगेट ट्रान्सपोज उजवीकडून, मध्ये सुरुवातीची सहसंबंध मॅट्रिक्स. झालं. उत्तराचा कर्ण म्हणजे त्या वेळची घनता, कर्णाची बेरीज म्हणजे उरलेले अणू. टाइम स्टेप वगैरेची भानगडच नाही, थेट पाहिजे त्या वेळेला उडी.

आता बरोबर आलं की नाही हे कसं ओळखायचं? पहिली तपासणी गॅमा शून्य, अणूंची संख्या जराही हलता कामा नये. दुसरी, सुरुवातीचा छोटा गोंधळ सोडून, वेळ ५ ते ४० च्या मध्ये अणू सरळ रेषेत कमी व्हायला हवेत, एक्स्पोनेन्शियल नाही, सरळ रेषेत, कारण लांबून पुरवठा एकसारखा येतोय. त्या रेषेचा उतार गॅमा ४ ला साधारण ०.३० आणि गॅमा १०० ला साधारण ०.०३७ यायला हवा. हे आकडे मी पायरी ४ च्या सूत्राची सगळ्या भरलेल्या लाटांवर बेरीज करून काढलेत, तुमचा उतार यांच्या आसपास नसेल तर बहुतेक तो वरचा २ कुठेतरी चुकलाय.

घनतेचा आलेख काढा, त्यात मध्यापासून दोन्हीकडे पसरणारा खड्डा दिसेल, पुढची कड सर्वात जास्त वेगाने म्हणजे २ जे ने जाणारी. मध्यापासून टोक १०० साइट्स लांब, म्हणजे वेळ ५० ला कड टोकाला आपटते, परत फिरते, आणि वेळ १०० ला मध्यावर येते. तिथून पुढे तुमचा आलेख अनंत साखळीचा राहिलेला नाही.

माझा प्रताप आता ऐका. मी पहिल्यांदा हे ४१ साइट्सवर केलं, २० अणू, मधल्या साइटवर लॉस, आणि उत्साहाच्या भरात वेळ दिली १,०००. अणू कमी होत होत १० वर आले आणि तिथेच थांबले. १० म्हणजे दहाच, दशांशापर्यंत. मी म्हटलं झेनो सापडला! मग गॅमा ०.१ ने केलं, तरी १०. गॅमा ५ ने केलं, तरी १०. तेव्हा घाबरलो आणि दोन दिवस कोडमधली चूक शोधत बसलो. चूक नव्हतीच. साखळीच्या भरलेल्या २० स्थितींपैकी बरोबर १० स्थितींचा मध्यावर शून्य असतो, तेच ते पायरी ४ मधले उलट चिन्हवाले, त्यांना लॉस दिसत नाही, ते कायमचे बसून राहणार. लॉस एक साइट बाजूला सरकवला, २१ च्या ऐवजी २० वर, आणि सगळे अणू हळूहळू निघून गेले. यातून दोन सवयी लागल्या, एक म्हणजे लॉसची जागा एकदा सममितीबाहेर ठेवून बघायची, आणि दुसरी, अणू टिकले म्हणून लगेच झेनो म्हणायचं नाही. अशा काळ्या, म्हणजे लॉस न दिसणाऱ्या, स्थितीत लपलेला अणूही टिकतो, आणि त्याला गॅमा किती हे विचारायचंच नसतं.

पायरी ६: अणू एकमेकांना ढकलतात तेव्हा

बोसॉनचं कंडेन्सेट असेल तर सोपा रस्ता म्हणजे ग्रॉस-पिटाएव्स्की समीकरण (पूर्ण कंडेन्सेटला एकच लाट धरून लिहिलेलं), त्यात बीमच्या जागेपुरतं तेच उणे आय गॅमा भागिले २ घालायचं. सिम्युलेशनला ग्रिडचं अंतर हीलिंग लेंग्थच्या निम्म्यापेक्षा कमीच ठेवा, नाहीतर भोकाच्या कडा खोट्या येतात. मंद बीमला ढगात उथळ खड्डा पडतो आणि दोन्हीकडे ध्वनीच्या लाटा निघतात. जोरात केलं की खड्डा तळाला लागतो, आणि अणूंचा पुरवठा कितीही ओढलं तरी घनता गुणिले ध्वनीचा वेग याच्या आसपासच अडकतो. इथे डार्क सॉलिटॉनची (आकार न बदलता टिकणाऱ्या घनतेच्या खड्ड्याची) मजा आहे, त्याच्या पोटात घनता शून्य असते, तो जर बरोबर गळक्या जागेवर बसला तर अणू जवळजवळ जातच नाहीत.

प्रयोगात हे २०१३ मध्ये दिसलं. बरोंतिनी आणि सहकाऱ्यांनी (परत तोच ओट गट) कंडेन्सेटवर इलेक्ट्रॉन बीम मारला, बीमचा जोर वाढवत नेला, आणि जाणाऱ्या अणूंचा आकडा आधी चढला मग उतरला. पायरी ३ चा आलेख, पण पूर्ण ढगात.

आंतरक्रियेची खरी गंमत वाटते ती बायस्टॅबिलिटीमध्ये, म्हणजे त्याच आकड्यांना दोन वेगळ्या टिकाऊ अवस्था. प्रत्येक साइटवर शेकडो अणूंचं एकेक छोटं कंडेन्सेट आहे अशी साखळी घ्या, मधल्या साइटवर लॉस. २०१६ मध्ये असं दिसलं की तोच जे, तोच गॅमा, पण मधली साइट सुरुवातीला भरलेली असेल तर भरलेलीच राहते, आणि रिकामी असेल तर रिकामीच. कारण रिकाम्या साइटवर आंतरक्रियेची ऊर्जा नाही, शेजाऱ्यांची ऊर्जा वर, साइटची खाली, पातळ्या जुळत नाहीत आणि टनेलिंग अडतं. भरलेली असेल तर पातळ्या जुळलेल्या, सुपरफ्लुइड (अडथळ्याशिवाय वाहणारा ढग) सरळ वाहत येतो आणि लॉसची भरपाई करत राहतो. म्हणून डेटा घेताना गॅमा चढवत एकदा आणि उतरवत एकदा असा दोन्हीकडून घ्या, एकाच दिशेने घेतलेला आलेख इथे फसवतो.

ग्रॉस-पिटाएव्स्कीची मर्यादाही सांगून ठेवतो, ते सरासरीचं समीकरण आहे. एकेक अणू जाण्याचे जे झटके बसतात, त्यातून जे तापतं, सहसंबंध बदलतात, ते यात येत नाही. साइटला दोन-चार अणू असतील तर हे वापरूच नका.

पायरी ७: फर्मिऑन, आणि इथे साधी अक्कल चालत नाही

एका मितीत आंतरक्रिया करणारे फर्मिऑन घेतले की पायरी ४ चं सूत्र फर्मी ऊर्जेजवळ कोलमडतं. फ्रोम्ल, कियोकेट्टा, कोलाथ आणि डील यांनी २०१९ मध्ये दाखवलं की फर्मी पातळीजवळच्या कणांची निसटण्याची शक्यता शून्याकडे जाते, आणि तीही गॅमा कितीही असला तरी. म्हणजे इथे झेनोसाठी गॅमा मोठा लागतच नाही, ते काम एका मितीतल्या सामूहिक लहरी करतात. हे हाताने काढायला लुटिंजर लिक्विडचं यंत्र (एका मितीतल्या अशा सामूहिक लहरींचं गणित) लागतं, ते इथे उघडत नाही.

प्रयोगाच्या बाजूने झुरिकच्या ईटीएचमध्ये टिलमन एसलिंगर यांचा गट लिथियम ६ वापरतो, दोन टाक्यांमध्ये एक अरुंद बोळ, क्वांटम पॉइंट कॉन्टॅक्ट, आणि त्या बोळातच बीम मारून लॉस, तोही एका स्पिनचा जास्त. २०२३ च्या त्यांच्या निकालात सुपरफ्लुइडचा तो खास, ओहमचा नियम न पाळणारा प्रवाह लॉसमुळे लगेच मरत नाही. लॉसचा जोर सुपरफ्लुइड गॅपच्या (अणूंची जोडी फोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या) पुढे गेला की तो सरळ रेषेतल्या, ओहमसारख्या प्रवाहात बदलतो, पण तरीही नेहमीपेक्षा जास्तच राहतो. जोड्या फोडणारा बीम अगदी बोळाच्या तोंडाशी आहे आणि तरी प्रवाह टिकतोय, मला तरी हे अजून पचायचंय.

पायरी ८: खऱ्या डेटात फसवणारे

पहिला आणि सर्वात मोठा चोर म्हणजे बीमची शेपटी. गॉसियन लेझर आहे, वेस्ट (म्हणजे फोकसमधली बीमची त्रिज्या) अर्धा मायक्रोमीटर (हे चांगल्यातलं चांगलं म्हणायचं), साइट्समधलं अंतरही अर्धा मायक्रोमीटर. शेजारच्या साइटवर प्रकाश किती? मधल्याच्या १३.५ टक्के. जे १००, मधला गॅमा १०,००० घ्या. झेनो म्हणतो शेजाऱ्याचा अणू सेकंदाला ४ च्या दराने जाईल. पण शेजाऱ्यावर शेपटीने सरळ १,३५० चा लॉस बसलाय! चार कुठे आणि साडेतेराशे कुठे. म्हणजे शेजारी पण गळका, त्याच्या शेजारीही थोडाफार, आणि तुमची "एक साइट" तीन-चार साइट्सची झाली. वेस्ट १ मायक्रोमीटर असेल तर शेजाऱ्याला ६१ टक्के मिळतात, मग लोकल हा शब्दच सोडून द्या. इलेक्ट्रॉन बीमची बाजी इथे आहे, १०० नॅनोमीटरचा ठिपका आणि ६०० नॅनोमीटरचं अंतर, आदर्श गॉसियन धरला तर शेजाऱ्याला नावापुरतंही काही मिळत नाही. लेझरच वापरायचा असेल तर लॅटिसचं अंतर वाढवा, पॉवर वाढवून काही होणार नाही, पॉवरने शेपटीही वाढते.

दुसरा, लेझर रेझोनन्सवरून जरा सरकलेला असेल तर तो लॉसबरोबर खरी टेकडी किंवा खड्डाही बनवतो. मग अणू परत फिरले ते लॉसमुळे की टेकडीमुळे? डिट्यूनिंग, म्हणजे हे सरकणं, दोन्ही चिन्हांनी घेऊन बघा, उत्तर बदललं तर टेकडी आहे.

तिसरा, बाहेर फेकलेला अणू जाता जाता इतरांना धडकतो. वरच्या घनतेला त्याचा सरासरी मोकळा रस्ता साधारण १४ मायक्रोमीटर, आणि ढगाची जाडी तेवढीच असेल तर बरेच जण एखादी तरी धडक देऊनच जाणार. याने लॉस भोकाबाहेरही पसरतो. घनता निम्मी करून परत मोजा, धडकांचा वाटा निम्मा व्हायला हवा.

आणि झेनो खरंच आहे हे सिद्ध करायचं असेल तर नुसता गॅमा फिरवू नका, जे फिरवा. लॅटिसची खोली वाढवून जे निम्मा करा, गॅमा तोच ठेवा. गॅमा मोठा असेल आणि खरंच झेनो असेल तर लॉस चौपट कमी व्हायला हवा, जे वर्ग आहे ना. शेपटीवाला लॉस जे बदलून जवळपास हलतच नाही, साइटवरचा अणू आहे तिथेच जळतो. काळ्या स्थितीत अडकलेल्यांचा आकडा जे कितीही करा तोच राहतो. खोली दोन-तीन ठिकाणी बदलून, जे आणि लॉस दोन्ही लॉग स्केलवर टाकून उतार काढायचा. उतार २ च्या आसपास आला तर ठीक, शून्याजवळ आला तर बीमचा वेस्ट परत मोजायला घ्या.